रुखवतातले कोस्टर : प्रकल्प नोंदी

९ मार्च, धुळे

पुतणीचं लग्न मे अखेरीस धरलंय. काल जाऊबाईंकडे बसून रुखवताची वाटणी झाली. सुपारीची वरात, हळकुंडांचे नवरा-नवरी, कुरडया-पापडांचे मनोरे, ज्याचं त्याने आधीच पटकावलेलं. माझ्याकडे आलं ते "वापरात येईल असं काहीतरी". पुतणीच म्हणाली, "काकू, ग्लासाखाली ठेवायचे कोस्टर करा ना. तिकडे टीपॉय लाकडी आहे."

तिकडे म्हणजे ठाण्याला. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कारण सगळं काम त्यावरच ठरणार. वस्तू होणार धुळ्याच्या कोरड्या उन्हात आणि राहणार खाडीकाठच्या दमट हवेत.

रुखवताबद्दल माझं मत घरात सगळ्यांना पाठ आहे. मांडवात दोन तास मिरवायचं आणि मग आयुष्यभर माळ्यावर पडायचं, असल्या वस्तूंत मला रस नाही. कोस्टर रोज हाताळले जावेत, चहा सांडावा, पुसले जावेत. दिसायला बरे हवेत, पण आधी त्यांनी पाणी झेललं पाहिजे.

ठरलं ते असं : सहाचे दोन संच. एक एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी फळीच्या) गोलावर कापड लावून, दुसरा दोरीचा. शिवाय दोन्हींचे थोडे जास्तीचे, घरी हाल करून बघायला.

१२ मार्च

पाचकंदीलच्या बाजारात जाऊन सामान आणलं. एमडीएफचे तयार कापलेले ४ इंची गोल ३ मिमी आणि ५ मिमी अशा दोन जाडीत मिळतात. दुकानदार ३ मिमीचे पुढे करत होता, सगळे तेच नेतात म्हणे. मी ५ मिमीचे घेतले. पातळ गोल एका बाजूने ओला झाला की पापडासारखा वाकतो.

बाकी : फेविकॉल मरीन, पाण्यावर चालणारं मॅट वॉर्निश, २ मिमी कॉर्क शीट, पॉलिश पेपर (२२० आणि ४०० नंबर), एक रुंद मऊ ब्रश, थ्रीडी आउटलायनरची (उंच रेघा-ठिपके काढायच्या रंगाची) पांढरी ट्यूब. साधं पांढरं फेविकॉल घरात होतं, ते मुद्दाम बाजूला ठेवलं. वाळल्यावरही पाणी लागलं की ते परत दुधाळ आणि मऊ होतं. शाळेच्या प्रोजेक्टला ते चालतं, ओल्या ग्लासाखाली नाही. मरीन महाग आहे, पण ते फर्निचरवाले बाथरूमच्या दारांना वापरतात.

१६ मार्च

गोलांना अस्तर. एमडीएफचा वरचा आणि खालचा भाग दाबून गुळगुळीत केलेला असतो, पण कड उघडी, भुसा दिसणारी. पाणी शिरतं ते कडेतूनच, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. म्हणून मरीनमध्ये थोडं पाणी घालून आधी फक्त कडेला पाजलं. पहिला हात अक्षरशः पिऊन टाकतो. वाळल्यावर कड काटेरी लागते, तिच्यावरून ४०० नंबर फिरवला, पुन्हा हात दिला. तिसऱ्या हाताला कड चकाकायला लागली, म्हणजे आता पीत नाही.

मग वरची बाजू, खालची बाजू. खालची बाजू कॉर्कखाली झाकली जाणार म्हणून कोरडी सोडायची नाही. दोन्हीकडून सारखं बंद झालं तरच गोल सपाट राहतो.

वाळवायला बाटल्यांची बुचं मांडून त्यावर गोल ठेवले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "हाई काय शे वं?" (हे काय आहे गं?) सांगितलं, पेल्याखाली ठेवायचं. त्यांनी एक गोल उचलून पाहिला. "बशी शे ना मंग?"

मुद्दा बिनतोड आहे. आपल्याकडे चहा कपबशीत, आणि बशी हाच कोस्टर. तेव्हा आमच्या कोस्टरचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पाण्याचा ग्लास, सरबताचा ग्लास आणि हल्लीचे ते मोठे मग, ज्यांना बशी नसते.

२३ मार्च

कापडाचा दिवस. आजेसासूबाईंचं एक जुनं सुती लुगडं होतं, मधे विरलेलं, काठ मात्र शाबूत. गडद हिरवा काठ, त्यात बारीक मोत्यासारखी पिवळी वीण. काठ चार बोटं रुंद, म्हणजे ४ इंची गोलाला पुरत नाही. पुतणीला फोटो पाठवले. ती म्हणाली काठ मधोमध पट्ट्यासारखा येऊ द्या, दोन्हीकडे अंगाचं कापड. तसंच केलं आणि ते पूर्ण काठापेक्षा चांगलं दिसतं.

पद्धत लिहून ठेवते, पुढे कुणाला लागेल. कापड आधी धुऊन, खळ पूर्ण काढून, इस्त्री करून. गोलापेक्षा बोटभर मोठं कापायचं. गोलावर मरीनचा पातळ हात, एक मिनिट थांबायचं, मग कापड मधून बाहेरच्या दिशेने तळहाताने दाबत न्यायचं. बोटांनी नाही, बोटांनी वीण सरकते आणि काठ वाकडा होतो. वरून पुन्हा पातळ केलेला मरीनचा हात, इतका की कापडाचा रंग ओल्यासारखा गडद दिसेल. रात्रभर वाळू द्यायचं.

सकाळी कापड पत्र्यासारखं कडक झालेलं असतं. आता कात्री घ्यायची नाही. २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि कडेवर वरून खाली, फक्त खालीच घासत जायचं. दहा-बारा घासांत कापड कडेच्या रेषेवर आपोआप कापलं जातं, जास्तीचं कडं होऊन गळून पडतं. उलट दिशेला एकदा जरी घासलं तर कापडाचं टोक उचललं जातं. ही युक्ती कळल्यावर कात्रीने गोल कापण्याचा विचारसुद्धा नकोसा होतो.

२ एप्रिल

चाचणी घ्यायला बसले आणि लक्षात आलं की चाचणीच होत नाही. फ्रिजमधल्या पाण्याने काचेचा ग्लास भरून ओट्यावर ठेवला. काचेवर थोडा धुरकटपणा आला, थेंब ओघळण्याआधीच सुकला. माठातल्या पाण्याच्या ग्लासाला तेवढंही नाही.

कारण सरळ आहे. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के धरली, तर काच साधारण १३ अंशांच्या खाली गेल्याशिवाय तिच्यावर पाणी जमत नाही. माठ पाणी गार करतो ते बाष्पीभवनाने, पण २५ च्या आसपास आणून सोडतो. म्हणजे एप्रिलात खानदेशात माठाच्या ग्लासाला घाम फुटणं शक्यच नाही. ठाण्यात जुलैमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर हाच आकडा २७ वर जातो. तिथे थोड्याशा गार पाण्याच्या ग्लासालाही घाम फुटेल. कोस्टर ही आपल्याकडे रुळली नाही ती काही मागासलेपणामुळे नव्हे. वर्षातले सात-आठ महिने तिला कामच नसतं.

मग ग्लास उचलून हॉलमध्ये कूलरसमोर नेला. तिथे दोन-तीन मिनिटांत थेंब, दहा मिनिटांत खाली तळं. कूलर हवा गार करतो ती पाणी पाजून, त्यामुळे हॉलमध्ये आयता पावसाळा मिळाला. यापुढे पाण्याच्या सगळ्या चाचण्या हॉलमध्ये, आणि रंग-वॉर्निश वाळवणं मागच्या खोलीत, कूलरपासून लांब.

११ एप्रिल

माहेरी शिरपूरला जाऊन केळीचं खोड आणलं. केळीला घड एकदाच येतो. घड उतरला की ते खोड तोडून बाजूला टाकायचं आणि शेजारचा पील (नवा कोंब) वाढू द्यायचा. बांधावर अशी खोडं पडलेलीच असतात, दादा म्हणाला पाहिजे तितकी ने. अगदी बाहेरचे थर भुरे, किडलेले, ते टाकून दिले. आतला गाभा पाणीदार, तोही नको. मधले चार-पाच थर चांगले.

थर सुटा करून दोन-दोन बोटांच्या पट्ट्या काढायच्या, पाटावर पालथ्या ठेवायच्या आणि बोथट सुरीच्या पाठीने ओढत गर खरवडायचा. हिरवट पाणी आणि लगदा निघून जातो, हातात राहतात चकचकीत पांढरट धागे. जुने कपडे घालूनच बसायचं. केळीच्या चिकाचा डाग आधी दिसत नाही, धुतल्यावर तपकिरी होऊन वर येतो आणि मग कशानेच जात नाही.

धागे सावलीत वाळवले. उन्हात टाकले तर कडक होऊन तुटतात.

२० एप्रिल

दोरी वळणं. धाग्यांचे दोन सारखे जुडगे घेऊन प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोघांना एकमेकांवर डावीकडे गुंडाळायचं. उलट पिळामुळे दोरी स्वतःच स्वतःला धरून ठेवते. माझी दोरी ४ मिमीच्या आसपास जमते, कधी जाड, कधी बारीक. वडील चऱ्हाट वळायचे ते आठवून हात बसला.

हिशेब : १० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर, त्याला दोरीच्या जाडीने, म्हणजे ०.४ सेंटीमीटरने भागलं की एका कोस्टरला साधारण २ मीटर दोरी. सहाला १२, वर एखादा मीटर गाठी-तोडीचा. सुतळीने करणाऱ्यांनी आपल्या सुतळीची जाडी मोजून याच पद्धतीने काढावं, बंडल उगाच जास्तीचं आणावं लागत नाही.

आता जोडायचं कशाने? सगळीकडे ग्लू गनने चिकटवतात. पटकन होतं, मान्य. पण ग्लू गनची कांडी वितळूनच चिकटते आणि गरम मग ठेवला की परत मऊ होते. गरम वस्तू ठेवायच्या चीजेला गरमीने सुटणारा गोंद, हे मला पटत नाही. मी दोऱ्याने शिवलं. जाड सुती दोऱ्यावर मेण फिरवलं, दाभण घेतलं, आणि प्रत्येक वेढा आतल्या वेढ्याला तिरप्या टाक्याने बांधत गेले. टाका फार ओढला की गोल सपाट न राहता वाटीसारखा उठतो. थोडा उठलाच, तर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची आणि रात्रभर वरवंट्याखाली ठेवायचा.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घागर भरली, वर खरबूज, सांजोऱ्या. माहेरवाशिणींनी गल्ली भरलेली, कडुलिंबाला झोके. काम बंद.

सासूबाईंनी दोरीचा एक कोस्टर उचलून घागरीखाली सरकवला होता, घागर डुगडुगते म्हणून. संध्याकाळी काढला तेव्हा पूर्ण भिजलेला, पण टाका एकही सुटलेला नव्हता. न मागता चाचणी झाली.

४ मे

पुतणीचा फोन. तिला रेझिनचे हवेत, आत सुकलेली फुलं घातलेले. मैत्रिणीने पाठवलेले फोटो खरोखर सुंदर आहेत. मी नाही म्हटलं, आणि तिला नीट सांगितलं का ते. साधं क्राफ्टचं रेझिन पूर्ण कडक झाल्यावरसुद्धा ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. चहाचा मग त्याच्यावर ठेवला की बुडाचं वर्तुळ उमटतं. दुसरं, मेमधल्या ४२-४३ अंशांत दोन भाग एकत्र केले की ते भांड्यातच तापून लवकर घट्ट होतं, ओतायला वेळ मिळत नाही. तिसरं, ओलं असताना हातमोजे आणि मोकळी हवा लागते, कातडीला ॲलर्जी होऊ शकते. घरात लहान मुलं आहेत. "बरं काकू, पण मग फुलं?" फुलांचं बघू.

चहाची परीक्षाही आजच घेतली. स्टीलचा पेला मुद्दाम घेतला, कारण कपाला बुडाखाली कडं असतं आणि तो फक्त त्या कड्यावर टेकतो, स्टीलचा पेला मात्र सगळं बूड टेकवतो आणि उष्णता सरळ खाली देतो. उकळता चहा ओतून दहा मिनिटं.

दोरीच्या कोस्टरवर काहीच नाही. कापडाच्यावर, वॉर्निश देऊन दोन दिवस झालेल्या गोलावर, पेला किंचित चिकटला आणि उचलताना चट् असा आवाज आला. खूण मात्र राहिली नाही. मार्चमध्ये वॉर्निश दिलेला नमुना होता, त्याला चिकटलासुद्धा नाही. पाण्यावरचं वॉर्निश हाताला दोन तासांत कोरडं लागतं, पण आतून पक्कं व्हायला तीन-चार आठवडे घेतं. म्हणजे रुखवतातल्यांचा शेवटचा हात याच आठवड्यात संपला पाहिजे.

७ मे

वॉर्निशचे हात. दिवसा ब्रश फिरवला तर मागच्या रेघा बुजायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पहाटे साडेपाचला उठून काम केलं. पातळ हात, मधे ४०० नंबरने हलकेच, पुन्हा हात. दुपारी वळीव येऊन गेला. पाऊस पडत असताना ब्रश हातात घेतला नाही.

११ मे

एक त्रास उरला होता. गुळगुळीत कोस्टर ओला झाला की सपाट बुडाचा ग्लास त्याला चिकटतो. घोट घ्यायला ग्लास उचलला की कोस्टर खाली लटकत वर येतो आणि मग टपकन मांडीवर. दुकानातल्या महागड्या कोस्टरांनाही हा आजार आहे.

त्यासाठीच ती आउटलायनरची ट्यूब. काठाच्या दोन्ही बाजूंना लुगड्याच्या विणीतल्याच अंतराने उंच ठिपके दिले, आणि मोकळ्या जागेत कापसाची पाच पाकळ्यांची फुलं, ती पण ठिपक्यांचीच. पुतणीची फुलंही झाली. ग्लास आता ठिपक्यांच्या डोक्यावर बसतो, खालून हवा जाते, चिकटायला सलग जागा नाही. ठिपका सोडताना ट्यूब सरळ वर ओढली की शेंडी उभी राहते. ट्यूबचं तोंड बारीक गोल फिरवत काढलं की डोकं गोल बसतं. ठिपके वाळल्यावर त्यांच्यावरून वॉर्निशचा एकच हात.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "इतली नक्षी, आन् च्या सांडना ते?" (एवढी नक्षी, आणि चहा सांडला तर?) मी त्यांच्यासमोरच चहा ओतला आणि फडक्याने पुसून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी शेजारच्या जिजींना बोलावून त्यांनी स्वतः तोच प्रयोग करून दाखवला.

शेवटी कॉर्क. गोलापेक्षा थोडं लहान कापलं, म्हणजे बाजूने दिसत नाही आणि टीपॉयवरचं पाणी त्याला लागत नाही. मरीन लावून वर तांदळाचा डबा.

१८ मे

बांधणी. प्रत्येक दोन कोस्टरांमध्ये बटर पेपर. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत एकावर एक ठेवलेले वॉर्निशचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि ओढताना रंग घेऊन येतात. दोरीच्या संचाला लुगड्याच्याच उरलेल्या पट्टीची गाठ. डब्यात चिठ्ठी ठेवली : पाण्यात बुडवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे, दोरीचे वापरून झाले की उभे टेकवून वाळवायचे.

२९ जून

लग्न छान झालं. रुखवतात कोस्टरांकडे फार कुणी पाहिलं नाही, सुपारीच्या वरातीपुढे कुणाचं काय चालणार.

इथे पाऊस धरलाय. घरी ठेवलेल्या दोरीच्या कोस्टरांपैकी एक मुद्दाम ओला करून स्टीलच्या डब्यात बंद केला, एक ओला करून भिंतीला टेकवला. आज उघडून पाहिलं. डब्यातल्याला कुबट वास आणि टाक्यांच्या कडेने काळे ठिपके. भिंतीजवळचा स्वच्छ. काळे ठिपके व्हिनेगरने पुसून पंख्याखाली वाळवले, वास गेला, डाग फिके झाले पण आहेत. पुतणीला लगेच फोटो पाठवला, चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य अधोरेखित करून.

५ ऑगस्ट

रविवारी कानबाई, आमची खानदेशातली श्रावणातली देवी, बसली, काल विसर्जन. भाऊबंद सगळे गोळा, पुतणी आणि जावईही ठाण्याहून आले. ती एक कापडाचा कोस्टर पर्समधून घेऊन आली होती.

वरची बाजू उत्तम. ठिपके सगळे जागेवर, काठाचा हिरवा तसाच. ती म्हणते ग्लास चिकटत नाही, आणि तिच्या सासूबाईंना हे तिच्या माहेरच्या लुगड्याचं आहे हे फार आवडलंय. पण एका बाजूला, नखभर लांबीत, कड फुगलीय. भिंगातून पाहिलं. कापड संपतं त्या टोकदार धारेवर वॉर्निश जवळजवळ नाहीच. पातळ द्रव धारेवर थांबत नाही, दोन्हीकडे ओढला जातो, आणि तिथलं आवरण नेहमीच सगळ्यात पातळ राहतं. पाणी बरोबर तिथूनच आत गेलं. बाकीचे पाच ठीक आहेत म्हणाली, पण हा पावसाळा संपायला अजून दोन महिने आहेत.

उपाय दोन. कापड लावण्याआधीच गोलाची वरची धार पॉलिश पेपरने मारून गोलसर करायची, म्हणजे वॉर्निशला थांबायला जागा मिळते. आणि कडेला शेवटचा हात वेगळा, गोल उभा धरून फिरवत. आणलेल्या कोस्टरची फुगलेली जागा घासून, मरीन पाजून, पुन्हा वॉर्निश दिलंय. परत जाताना तो तिने नेला, पण ग्लासाखाली ठेवायला महिनाभर थांब म्हटलंय.

दोरीचे मात्र तिच्याकडे पावसाळ्यात चालत नाहीत, वाळतच नाहीत. ते तिने चार महिन्यांसाठी गव्हाच्या डब्यावर कोरडे ठेवून दिलेत. इथे धुळ्यात मी तेच सगळ्यात जास्त वापरते.

जाऊबाईंच्या धाकटीचं पुढच्या वर्षी बघतायत, स्थळ बहुतेक साक्रीचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. तिला सगळे दोरीचेच करेन. दादाला सांगून ठेवलंय, घड उतरले की मधले थर ओले असतानाच कळव.